रेडिएशनशी कधी संबंध नाही तरी रिपोर्टमध्ये २ डायसेंट्रिक, हे नॉर्मल आहे का?

निळी_शाई

नमस्कार, थोडं सविस्तर लिहितेय कारण दोन दिवस डोक्यातून जातच नाहीये. वय ५२, ग्रंथालयात नोकरी, सिगारेट-तंबाखू कधीच नाही, मोठं आजारपण नाही, आजवर एक्स-रे मोजून तीन-चार आणि एकदा पोटाचा सीटी, तोही आठ-नऊ वर्षांपूर्वी. एका रिसर्च टीमला रेडिएशनचं काम करणाऱ्यांशी तुलना करायला ज्यांचा त्या कामाशी काहीच संबंध नाही अशी माणसं हवी होती, म्हणून मी रक्त दिलं. आम्हाला कंट्रोल ग्रुप म्हणतात असं सांगितलं होतं. चार महिन्यांनी पत्र आलं, त्यात लिहिलंय की १००० पेशी पाहिल्या, डायसेंट्रिक २, फ्रॅगमेंट ४ (हे तुटलेल्या क्रोमोझोमचे प्रकार एवढंच मला कळलं), आणि त्याखाली मायक्रोन्यूक्लियस दर हजारी १४. शेवटी एवढंच, "मूळ पातळीच्या मर्यादेत".

मर्यादेत आहे हे वाचलं हो, पण मर्यादा कसली हेच कळेना. माझी समजूत अशी होती की निरोगी माणसाच्या रक्तात तुटलेलं क्रोमोझोम नसतंच, आणि असलं तर काहीतरी बिघडलंय. आता माझ्या रक्तात आहेत, मग ते आले कुठून? त्या सीटीमुळे का? हजारात दोन म्हणजे जास्त का? परत टेस्ट करून घेऊ का? आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हे खातंय की माझ्या मुलीला पण हे गेलं असेल का. ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज समजावून सांगा.

काचपट्टी

ताई, आधी हे वाचा आणि मग बाकीचं. शून्य हे नॉर्मल नाहीये. म्हणजे एखाद्या माणसाच्या मोजलेल्या पेशींत शून्य सापडू शकतं, पण त्याच्या अंगात शून्य आहेत असं नसतं, कुणाच्याच नसतात. मी एकोणीस वर्षं हेच काम करतेय, मायक्रोस्कोपखाली मेटाफेज, म्हणजे विभाजनाच्या मधे थांबवलेल्या पेशी, बघायच्या, आणि कंट्रोलच्या स्लाइडवर डायसेंट्रिक दिसलं की आजही मी खुर्ची पुढे ओढून नीट बघते, पण दचकत नाही, कारण ते दिसणारच असतं. रेडिएशनशी संबंध नसलेल्या माणसांत साधारण हजार पेशींमागे एक डायसेंट्रिक, हा जगभरच्या लॅबना मिळत आलेला आकडा आहे, कुठे अर्धा, कुठे दोन. तुमचे दोन त्यातच बसतात.

हे दिसतं कसं ते सांगते म्हणजे भीती थोडी कमी होईल. तुमचं रक्त आलं की त्यातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) झोपलेल्या असतात, विभाजन करत नाहीत, आणि विभाजन झाल्याशिवाय क्रोमोझोम वेगवेगळे दिसत नाहीत. म्हणून फायटोहीमॅग्लुटिनिन घालून त्यांना जागं करायचं (हे १९६० साली समजलं आणि त्यानंतरच हे सगळं काम शक्य झालं), ३७ अंशांवर ४८ तास ठेवायचं, शेवटी कोलसेमिड घालून विभाजन मधेच थांबवायचं, मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि अॅसेटिक अॅसिडमध्ये फिक्स करायच्या आणि काचेवर थेंब सोडायचा. थेंब पसरतो तशी पेशी फुटून पसरते आणि गिम्सा हा रंग लावला की जांभळट रंगाचे ४६ तुकडे समोर येतात.

आता डायसेंट्रिक म्हणजे काय, तर दोन वेगवेगळी क्रोमोझोम एकाच वेळी तुटली आणि दुरुस्ती करताना चुकीची टोकं एकमेकांना जोडली गेली. नेहमीच्या क्रोमोझोमला एक कंबर (सेंट्रोमिअर) असते, याला दोन. आणि जी दोन टोकं उरली ती जोडून शेजारीच एक बिनकंबरेचा तुकडा तयार होतो, तोच फ्रॅगमेंट. यातली गंमतीची गोष्ट म्हणजे मोजणी तरीही ४६ च येते, ४४ नीट, एक डायसेंट्रिक, एक फ्रॅगमेंट. नवीन आलेल्या मुलामुलींना मी हेच शिकवते की दोन कंबरा दिसल्या म्हणून लगेच लिहायचं नाही, दोन क्रोमोझोम एकमेकांवर पडली तरी तसंच दिसतं, आधी त्याचा फ्रॅगमेंट शोधा, आणि तो धरून बेरीज ४६ होते का बघा. तुमच्या दोन पेशींसाठी कुणीतरी हे सगळं केलंय, बहुधा दोन माणसांनी वेगवेगळं बघितलंय.

फ्रॅगमेंट ४ पण नेहमीचेच, ते डायसेंट्रिकपेक्षा जरा जास्तच सापडतात कारण दुसऱ्या कशाशी न जुळता नुसता तुटून राहिलेला तुकडाही त्यातच मोजला जातो.

मुलीबद्दल: या रक्तातल्या पेशी आहेत. तुमच्या लिम्फोसाइटमध्ये झालेली मोडतोड त्या पेशीपुरती असते, बाळाला जाते ती बीजपेशींमधून आणि त्यांचा या दोन पेशींशी काही संबंध नाही. ही काळजी आजच सोडून द्या.

सदाफुली७

ताई मला वाटतं हे मोबाईल आणि वायफायमुळे होतं, आता सगळीकडे टॉवर आहेत त्यामुळे कुणीच सुटत नाही. अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या चालू करा, माझ्या वहिनीने केल्या, तिला खूप बरं वाटतं.

काचपट्टी

सदाफुली, तुम्ही काळजीपोटी लिहिलंय हे कळतं, पण हे तसंच राहू द्यायला नको. मोबाईलच्या लहरींत डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जाच नसते, एक्स-रे आणि गामा किरणांत असते, म्हणून त्यांना आयनीकारक म्हणतात. आणि ही मूळ पातळी मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून मोजलेली आहे, साठ आणि सत्तरच्या दशकातल्या कंट्रोलमध्येही डायसेंट्रिक सापडतच होती. गोळ्यांबद्दल म्हणाल तर हजारात दोन हा आकडा खाली आणायची गरजच नाहीये. फोलेट किंवा बी१२ खरंच कमी असेल तर मायक्रोन्यूक्लियस (केंद्रकाबाहेर राहिलेले छोटे ठिपके) वाढतात हे खरं, पण ते रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवायचं असतं, अंदाजाने गोळ्या खाऊन नाही.

ढोबळ_गणित

मी जीवशास्त्रवाला नाही, संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे फक्त तेवढंच बोलतो. "माझे दोन, सरासरी एक, म्हणजे माझे दुप्पट" असं मनात आलं असेल तर ते काढून टाका, इतक्या कमी आकड्यांत दुप्पट या शब्दाला काही अर्थ नसतो. समजा शंभर माणसं घेतली आणि सगळ्यांची खरी पातळी अगदी तंतोतंत सारखी आहे, हजारात एक. प्रत्येकाच्या हजार पेशी मोजल्या. तर साधारण ३७ जणांना शून्य मिळेल, ३७ जणांना एक, १८ जणांना दोन, सहा जणांना तीन आणि एखाद-दोघांना चार किंवा जास्त. याला प्वासाँ वितरण म्हणतात. म्हणजे दोन किंवा जास्त मिळणारी माणसं शंभरात २६, आणि त्यांच्यात आणि शून्यवाल्यांत काडीचाही फरक नाही, फक्त काचेवर कुठल्या हजार पेशी पडल्या एवढाच फरक.

उलट बाजूनेही बघा. हजार पेशींत दोन सापडली तर तुमची खरी पातळी ९५ टक्के खात्रीने पाव ते सव्वासात यांच्यामध्ये कुठेतरी आहे, एवढंच म्हणता येतं. केवढा मोठा पट्टा आहे! परत टेस्ट केलीत तर शून्य येईल किंवा तीन येईल आणि दोन्हींपैकी कशानेही तुम्हाला नवीन काही कळणार नाही. शून्य आलं तर उगाच आनंद आणि तीन आलं तर परत दोन रात्री झोप नाही. म्हणून माझं मत, परत करू नका.

अजून एक, हजारात एक हे प्रमाण ऐकायला दुर्मिळ वाटतं म्हणून भीती वाटते, पण आकड्यात मांडलं तर वेगळं दिसतं. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त, लिटरमागे दोनेक अब्ज लिम्फोसाइट धरल्या तर झाल्या दहा अब्ज, त्यातली हजारातली एक म्हणजे एक कोटी. प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात या घडीला कोटभर पेशी डायसेंट्रिक घेऊन फिरताहेत, आणि रक्तात तर शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी दोनेक टक्केच असतात.

निळी_शाई

खूप खूप आभार सगळ्यांचे. मुलीचं वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं, दोन दिवस तेच मनात घोळत होतं आणि कुणाला विचारावं कळत नव्हतं. कोटभरचा हिशोब तर मी कागदावर परत करून बघितला.

पण दोन गोष्टी अजून अडल्यात. एक म्हणजे सगळ्यांच्यात असतात हे कळलं, पण होतात कशामुळे? नैसर्गिक रेडिएशन म्हणतात त्यामुळेच का? आणि दुसरं, मायक्रोन्यूक्लियस १४ आलेत, ते तर डायसेंट्रिकच्या सातपट आहेत, ते वेगळं काही आहे का?

काचपट्टी

चांगला प्रश्न विचारलात. नैसर्गिक रेडिएशनचा वाटा आहे पण तो छोटा आहे, आणि हे ऐकून लोकांना नेहमी आश्चर्य वाटतं. ढोबळ हिशोब मांडू. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनच्या डोसचं माप), त्यातला निम्मा भाग रेडॉन वायूचा, जो मुख्यतः फुप्फुसाला लागतो. तो वगळला तर रक्तापर्यंत साधारण १.२ पोचतो. डायसेंट्रिक असलेल्या पेशी कायम राहत नाहीत, अर्ध्या व्हायला तीनेक वर्षं धरली तर अंगात कुठल्याही वेळी पाचेक मिलिसिव्हर्टइतकीच खूण शिल्लक असते. आता गामा किरणांचा कमी डोसचा दर ग्रेला (गामासाठी एक ग्रे म्हणजे हजार मिलिसिव्हर्ट धरा) पेशीमागे ०.०३ डायसेंट्रिकच्या आसपास धरला तर येतात हजारात ०.१५. आणि प्रत्यक्षात सापडतं हजारात एक. म्हणजे बाकीचा मोठा भाग दुसरीकडून येतो.

कुठून, तर आतूनच. पेशी श्वसन करते, त्यातून तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू डीएनएला लागतात. डीएनएची प्रत काढताना मशीन अडकतं आणि धागा तुटतो. लिम्फोसाइटचं तर अजून वेगळं, अँटिबॉडी आणि रिसेप्टर बनवायला त्या स्वतःचा डीएनए स्वतःच कापून जोडतात, तेच त्यांचं काम आहे, आणि कधीतरी चुकीचं टोक जोडलं जातं. निरोगी माणसांच्या रक्तात ७ आणि १४ नंबरच्या क्रोमोझोममध्ये अदलाबदल झालेली पेशी अधूनमधून मिळते ती यामुळेच. प्रत्येक पेशीत रोज दुहेरी धागा तुटतो आणि रोज जोडला जातो. जवळजवळ सगळं बरोबर जोडलं जातं, जे नाही जमत त्यातलं थोडंसं आमच्या काचेवर दिसतं. तुमचा सीटी आठ-नऊ वर्षांपूर्वीचा आहे, त्याचा डोस पाच-दहा मिलिसिव्हर्टच्या घरात असतो, इतक्या डोसने झालेलं डायसेंट्रिक मुळातच आकड्यात दिसलं नसतं आणि इतक्या वर्षांनी तर नाहीच. एका माणसात या टेस्टने डोस ओळखायची खालची हद्दच १०० मिलिग्रेच्या आसपास आहे.

मायक्रोन्यूक्लियसचं मोजमाप वेगळं आहे म्हणून आकडा मोठा येतो, त्याची डायसेंट्रिकशी तुलना करायचीच नाही. त्यात सायटोकॅलॅसिन बी घालतात, पेशीचं केंद्रक दोन होतं पण पेशी दुभंगत नाही, आणि विभाजनाच्या वेळी जो तुकडा किंवा आख्खं क्रोमोझोम मागे राहिलं त्याचा बाजूला छोटा गोल ठिपका दिसतो. ही पद्धत १९८५ सालची, फेनेक आणि मॉर्ली यांची. नंतर सोळा देशांतल्या पंचवीस लॅबची मोजणी एकत्र केली तेव्हा मधला आकडा हजारात साडेसहा आला आणि मधल्या निम्म्या लोकांचे आकडे ३ ते १२. तुम्ही १२ च्या थोडं वर आहात. पण वयाबरोबर हा आकडा वाढत जातो, आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्तच असतो कारण वय वाढेल तसं दोनपैकी एक एक्स क्रोमोझोम मागे राहायचं प्रमाण वाढतं. बावन्न वर्षांच्या बाईला १४ हे मला अगदी साधं वाटतं. शिवाय लॅबलॅबमध्ये इतका फरक पडतो की बाहेरचा आकडा घेऊन बसण्यापेक्षा त्याच लॅबच्या, तुमच्याच वयाच्या बायकांशी तुलना करावी, पत्र लिहिणाऱ्यांनी तेच केलं असणार.

एकटाकी

सर्वांना नमस्कार, एक छोटा प्रश्न. वयाने सगळंच वाढतं का? माझ्या वडिलांच्या (७४) रिपोर्टमध्ये फिश पद्धतीने (क्रोमोझोम वेगवेगळ्या रंगांत रंगवून) ट्रान्सलोकेशन हजारात ११ आलंय, डायसेंट्रिक मात्र एकच. हे उलटसुलट वाटतं.

काचपट्टी

उलट नाहीये, अगदी असंच व्हायला पाहिजे. ट्रान्सलोकेशनमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते पण दोघांच्या कंबरा जागच्या जागी राहतात, म्हणून अशी पेशी बिनदिक्कत विभाजन करते आणि पुढच्या पेशींना ते जसंच्या तसं देते. डायसेंट्रिकच्या दोन कंबरा विभाजनात विरुद्ध दिशांना ओढल्या जाऊ शकतात, मधे पूल तयार होतो, तुटतो, पेशी मरते. म्हणून एक साठत जातं, दुसरं गळत जातं. नवजात बाळाच्या नाळेच्या रक्तात ट्रान्सलोकेशन हजारात एकाच्याही खाली असतात आणि सत्तरीत दहाच्या आसपास जातात, आणि वाढ सरळ रेषेत नाही, उतारवयात चढ जास्त असतो. सिगारेट ओढणाऱ्यांत अजून थोडं वर. चीनमधल्या यांगजियांग भागात, जिथे जमिनीतूनच रेडिएशन जास्त आहे, तिथल्या वयस्कर लोकांत डायसेंट्रिक वाढलेली स्पष्ट दिसली पण ट्रान्सलोकेशनमध्ये तसा ठळक फरक मिळाला नाही, कारण वय आणि बाकीच्या गोष्टींनीच ती आधी इतकी भरलेली असतात की छोटा फरक त्यात बुडून जातो. वडिलांचे ११ त्यांच्या वयाला धरूनच आहेत.

निळी_शाई

म्हणजे कॅन्सरशी याचा काहीच संबंध नाही असं समजू का? हे शेवटचं विचारते.

काचपट्टी

"काहीच नाही" असं मी म्हणणार नाही, खोटं सांगितल्यासारखं होईल. नॉर्डिक देश आणि इटलीत हजारो लोकांची ही टेस्ट करून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, लोकांचे कमी, मध्यम, जास्त असे तीन गट केले, आणि जास्तवाल्या गटात पुढे कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पण ते गटाचं झालं. एका माणसाच्या एका मोजणीवरून त्याचं पुढे काय होईल हे सांगता येत नाही, वरती सरांनी दाखवलंच की पाव ते सव्वासात इतका पट्टा आहे, त्यावरून तुम्ही कुठल्या गटात हेच ठरत नाही. आणि या वयात ज्या नेहमीच्या तपासण्या सांगतात त्या तुम्ही करतच असाल, त्या तशाच चालू ठेवा, या पत्रामुळे त्यात काही बदलत नाही.

बॅजनंबर_विसरलो

मी सहसा फक्त वाचतो पण आज लिहावंसं वाटलं. मी इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत आहे, पाइपच्या वेल्डिंगचे फोटो काढायचं काम, इरिडियमचा सोर्स असतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या बॅजचं (अंगावर लावायचा, डोस मोजणारा) रीडिंग १८० मिलिसिव्हर्ट आलं. आमची मर्यादा वर्षाला सरासरी २०. मला तातडीने कामावरून बाजूला केलं आणि रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मलाच माहीत, बायकोला आठवडाभर सांगितलंच नव्हतं, जेवण जायचं नाही.

रिपोर्टमध्ये हजार पेशींत एक डायसेंट्रिक आलं. लॅबमधल्या मॅडमनी समोर बसवून समजावलं, की १८० खरंच अंगाला लागले असते तर हजारात सात-आठ तरी दिसायला हवी होती, तुझं एक आहे, आणि आमच्याकडे जी साधी माणसं आहेत त्यांच्यातही एक असतं. म्हणजे बॅजला डोस लागला, तुला नाही. मग आठवलं की जॅकेट सोर्सच्या बाजूला टांगलं होतं आणि बॅज त्यालाच होता.

निळी_शाई ताई, ती "साधी माणसं" म्हणजे तुमच्यासारखेच कुणीतरी होते. त्यांनी रक्त दिलं नसतं तर माझं एक हे कमी का जास्त हे कुणाला सांगताच आलं नसतं. मला त्यांची नावं माहीत नाहीत, कळणारही नाहीत. तुमचे दोन पण असेच कुणाच्या तरी रिपोर्टशेजारी ठेवले जातील म्हणून लिहिलं.

निळी_शाई

दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. पत्रात खाली लिहिलं होतं की सहा महिन्यांनी दुसरा नमुना द्यायची तयारी असेल तर कळवा. मी तो कागद बाजूला टाकला होता. परत टेस्ट करू नका असं वर सांगितलंय ते माझ्या स्वतःच्या काळजीसाठी, बरोबर ना? त्यांना हवा असेल तर द्यायला काही हरकत नाही?

ढोबळ_गणित

काहीच हरकत नाही, उलट जरूर द्या. तुमच्या एकटीसाठी हजार पेशी कमी आहेत, पण शंभर कंट्रोलच्या मिळून लाख पेशी होतात आणि मग तोच पट्टा एकदम अरुंद होतो.

काचपट्टी

द्या ताई. आणि देताना त्या सीटीचं साल आठवून फॉर्मवर नक्की लिहा, बरेच जण तेवढंच विसरतात.